बिघाडानंतरची फेरआखणी आणि यंत्राध्ययन

कोणत्याही कारखान्यात पाळी सुरू होण्यापूर्वी त्या दिवसाच्या कामाची आखणी झालेली असते. कोणत्या यंत्रावर कोणते काम चढवावयाचे, ते कोणत्या क्रमाने व्हावयाचे आणि प्रत्येकास किती अवधी लागावयाचा, हे तीत नमूद असते. पूर्वी ही आखणी कागदावर किंवा भिंतीवरील फळ्यावर होत असे. आता ती बहुधा संगणकाच्या पडद्यावर होते. साधन बदलले, तरी तिचे दैव बदललेले नाही. एखाद्या यंत्राचा पट्टा तुटतो, ओतकाम वेळेवर येत नाही, वीज जाते, कसबी कामगार आजारी पडतो, किंवा एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची तातडीची मागणी मध्येच येऊन उभी राहते. आणि सकाळी बिनचूक असलेली आखणी दुपारी निरुपयोगी ठरते. अशा वेळी उरलेल्या कामाचा क्रम पुन्हा लावावा लागतो. या क्रियेस येथे फेरआखणी असे म्हटले आहे. ही फेरआखणी करण्यास यंत्रास शिकविता येईल काय, आणि येत असेल तर कोठवर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘मशीन लर्निंग’ या संज्ञेसाठी येथे ‘यंत्राध्ययन’ हा शब्द योजला आहे. हे यंत्र म्हणजे कारखान्यातील लेथ किंवा ड्रिल नव्हे, तर संगणक होय. आणि अध्ययन म्हणजे पाठांतर नव्हे, तर पुष्कळ उदाहरणांवरून किंवा पुष्कळ प्रयत्नांवरून स्वतःच्या वागण्याचा नियम हळूहळू सुधारीत जाणे होय. इंग्रजी संज्ञा रूढ होण्यास आर्थर सॅम्युएल यांचा १९५९ मधील लेख मुख्यत्वे कारणीभूत झाला. त्यांनी संगणकास चेकर्स हा पटावरील खेळ शिकविला होता. दुसरा शब्द ‘जॉब’. आखणीशास्त्राच्या ग्रंथांत ‘जॉब’ म्हणजे एक संपूर्ण काम, म्हणजेच एकामागून एक अनेक यंत्रांवरून जाणारी क्रियांची मालिका. आपल्याकडील वर्कशॉपच्या मराठीत मात्र ‘जॉब लावला’ असे म्हटले की यंत्रावर बसविलेला प्रत्यक्ष लोखंडाचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. शास्त्राने वस्तू सोडून क्रम पाहिला, कारागिराने क्रम सोडून वस्तू पाहिली. हा भेद केवळ शब्दापुरता नाही, हे पुढे दिसून येईल.

आखणीचा शास्त्रीय विचार तसा जुना आहे. पोलंडमधील अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास कामांचा मेळ दाखविणारी आकृती तयार केली होती. पुढे अमेरिकेत हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जो तक्ता प्रचारात आणला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या रांगेत यंत्रे मांडून प्रत्येक कामाची पट्टी आपापल्या जागी काढली, की कोणते यंत्र कधी रिकामे आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु तक्ता हे आखणी दाखविण्याचे साधन आहे, ती शोधण्याचे नव्हे. उत्तम क्रम शोधण्याचे गणित १९५० नंतर उदयास आले. एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये असे सिद्ध केले की, सर्व कामे प्रथम एका आणि नंतर दुसऱ्या यंत्रावर जात असतील, तर एका साध्या नियमाने सर्वांत कमी वेळाचा क्रम निश्चितपणे सापडतो. ज्या कामांचा पहिल्या यंत्रावरील वेळ दुसऱ्यापेक्षा कमी, ती पुढे घ्यावीत व त्यांत पहिल्या यंत्रावर सर्वांत कमी वेळ घेणारे आधी लावावे. उरलेली मागे ठेवावीत व त्यांत दुसऱ्या यंत्रावर सर्वांत कमी वेळ घेणारे शेवटी न्यावे. एवढाच तो नियम.

फेरआखणीचे मर्म ध्यानात येण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका लहान वर्कशॉपमध्ये एक लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे. क, ख आणि ग अशी तीन कामे आहेत आणि प्रत्येक काम आधी लेथवर, मग मिलिंगवर जाते. क या कामास लेथवर ३ तास व मिलिंगवर ४ तास लागतात, ख या कामास अनुक्रमे ४ व २ तास, आणि ग या कामास २ व ५ तास. जॉन्सन यांच्या नियमाप्रमाणे क्रम येतो ग, क, ख. लेथवर ग दुसऱ्या तासाअखेर संपते, क पाचव्या, ख नवव्या. मिलिंगवर ग सातव्या तासाअखेर, क अकराव्या आणि ख तेराव्या. एकूण १३ तास. याहून कमी वेळात हे काम होणे शक्य नाही, कारण मिलिंगवरच ११ तासांचे काम आहे आणि ते सुरू होण्यापूर्वी लेथवर किमान २ तास जावेच लागतात.

आता असे समजा की, सकाळी काम सुरू करतेवेळी निरोप आला, ‘ग’चे ओतकाम चार तास उशिरा येणार. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्रम तोच ठेवून सगळे पुढे ढकलणे. तसे केल्यास लेथ चार तास रिकामा राहतो आणि शेवटचे काम १७ व्या तासाअखेर हातावेगळे होते. म्हणजे उशीर चार तास आणि नुकसानही पुरे चार तासांचे. परंतु क्रम बदलून क, ग, ख असा घेतला, तर लेथवर क तिसऱ्या तासाअखेर संपते, एक तास वाट पाहून ग सहाव्या तासाअखेर आणि ख दहाव्या. मिलिंगवर क सातव्या, ग बाराव्या आणि ख चौदाव्या. एकूण १४ तास. चार तासांचा अडथळा एका तासात जिरला. येथवर वाचक समाधानाने मान डोलावील. परंतु तिसरा क्रमही आहे: क, ख, ग. त्यात लेथ मुळीच रिकामा राहत नाही, ख नवव्या तासालाच मोकळे होते आणि ग चौदाव्या तासाअखेर पूर्ण होते. एकूण वेळ पुन्हा १४ तासच.

दोन्ही आखण्यांचा एकूण वेळ सारखा. मग त्यांतील कोणती चांगली? ‘ग’चे गिऱ्हाईक बाराव्या तासाला दारात उभे राहणार असेल, तर पहिली. परंतु ओतकाम चार तासांनी येईल हा निरोपच भरवशाचा नसेल, तर दुसरी. कारण तीत ‘ग’ची गरज लेथवर सातव्या तासाअखेर लागते आणि माल तोवर आला तरी १४ तासांचा हिशेब मोडत नाही. पहिल्या आखणीत मात्र माल पाच तासांहून उशिरा आला की शेवट पुढे सरकू लागतो. सहा तासांनी आला तर एकूण १५ तास होतात. वाहतूकदाराच्या ‘चार तास’ या शब्दाचा अर्थ चारच समजावयाचा की सहा, हे कोणत्याही गणितात लिहिलेले नसते. अनुभवी फोरमनला ते ठाऊक असते. यंत्रास जे शिकवावयाचे, ते मुख्यतः हे आहे.

तीन कामांचे सहाच क्रम होतात, म्हणून वरील हिशेब हाताने करता आला. कामे आणि यंत्रे वाढली की क्रमांची संख्या कल्पनेबाहेर जाते. एच. फिशर आणि जी. एल. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये दहा कामे आणि दहा यंत्रे असलेला एक प्रश्न प्रसिद्ध केला; त्यात प्रत्येक काम दहाही यंत्रांवरून वेगवेगळ्या क्रमाने जाते. प्रत्येक यंत्रावर दहा कामे लावण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात, आणि दहा यंत्रांचे मिळून, प्रत्यक्षात अशक्य असे क्रम धरून, जी संख्या येते ती ६६ अंकी आहे. या प्रश्नाचे सर्वोत्तम उत्तर ९३० कालमात्रा हेच होय, हे निर्विवादपणे सिद्ध होण्यास १९८९ साल उजाडावे लागले, जे. कार्लिए आणि ई. पिन्सन यांनी ते केले. आजचे संगणक-कार्यक्रम तोच प्रश्न अल्पावधीत सोडवितात हे खरे. तथापि १९७६ मध्ये गॅरी, जॉन्सन आणि सेठी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे अशा प्रश्नांची जातीच कठीण आहे. त्यांच्या प्रत्येक नमुन्यास लागू पडेल अशी त्वरित व बिनचूक रीत आजवर कोणास सापडलेली नाही आणि ती सापडेल अशी अपेक्षाही फारसे कोणी धरीत नाही. (येथील जॉन्सन हे वर उल्लेखिलेल्या जॉन्सन यांच्याहून निराळे.) शिवाय कारखान्यात यंत्र बंद पडलेले असताना उत्तराची वाट पाहत किती वेळ बसावयाचे, हाही प्रश्न असतोच.

म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या अंगठेमापाचे नियम चालत आले. यंत्र रिकामे झाले की समोरच्या रांगेतील सर्वांत थोड्या वेळाचे काम घ्या. किंवा ज्याची मुदत सर्वांत जवळ ते घ्या. किंवा जे आधी आले ते आधी. हे नियम लवचिक असतात, कारण त्यांना आगाऊ आखणीच लागत नाही. त्यांचा दोष एवढाच की, कोणताही एक नियम सर्व परिस्थितींत चांगला ठरत नाही. गर्दी कमी असताना मुदतीचा नियम चांगला, तर गर्दी वाढली की थोड्या वेळाच्या कामाचा नियम पुष्कळदा सरस. परंतु त्याच नियमाने मोठे काम रांगेत कुजत पडते. तेव्हा कोणत्या परिस्थितीत कोणता नियम लावावा, एवढे जरी यंत्रास कळले तरी पुष्कळ साधेल, या विचाराने १९९० च्या सुमारास पहिले प्रयत्न झाले. संगणकावर कारखान्याची प्रतिकृती चालवून, नाना परिस्थितींत नाना नियम लावून, आलेल्या फळांच्या नोंदींवरून निवडीचा नियम काढावयाचा, असे त्यांचे स्वरूप होते.

याहून धाडसी प्रयोग १९९५ मध्ये अमेरिकेत वेई झांग आणि टॉमस डिटरिख यांनी प्रसिद्ध केला. तो कारखान्याचा नव्हता, परंतु फेरआखणीचे तत्त्व त्यात इतके स्वच्छ दिसते की, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे उचित होईल. फ्लॉरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात स्पेस शटल या यानाच्या मालकक्षात उपकरणे बसविण्याचे आणि तपासण्याचे काम चाले. (ही याने २०११ पासून बंद आहेत.) एका आखणीत दोन ते सहा उड्डाणांची तयारी असे आणि प्रत्येक उड्डाणामागे ३४ ते १६४ कामे असत. एखाद्या चाचणीस दोन गुणवत्ता-निरीक्षक, दोन तंत्रज्ञ आणि अमुक अमुक उपकरणे लागत; आणि ते दोन निरीक्षकही एकाच गटातील, म्हणजे एकाच पाळीचे व एकाच ठिकाणचे असावे लागत. पहिल्या पाळीचा एक आणि दुसऱ्या पाळीचा एक, असे मिळून दोन होत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही मुकादमास सांगावी लागत नाही. गणितास मात्र ती सांगावी लागते.

या प्रयोगात आखणी कोऱ्या कागदापासून केली जात नसे. माणसांची व उपकरणांची मर्यादा विसरून, केवळ कोणते काम कोणत्या कामानंतर एवढेच पाहून, एक सदोष आखणी प्रथम मांडली जाई आणि मग तिची दुरुस्ती सुरू होई. दुरुस्तीचे प्रकार दोनच: एखाद्या कामासाठी घेतलेली साधने दुसऱ्या गटातून घेणे, किंवा ते काम काळाच्या रेषेवर अन्यत्र हलविणे. प्रत्येक दुरुस्तीने एक दोष जातो, तर कधी दुसरा उत्पन्न होतो. दोषरहित आखणी हाती आली की थांबावयाचे. ही दुरुस्तीची पद्धत झ्वेबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच बसविली होती. झांग व डिटरिख यांनी तीत अध्ययनाची भर घातली. प्रत्येक दुरुस्तीस अगदी अल्प दंड, आणि शेवटी तयार झालेली आखणी जितकी लांबट तितका मोठा दंड, असा हिशेब ठेवून संगणकाकडून हजारो वेळा दुरुस्त्या करवून घेण्यात आल्या. मानसशास्त्रातील ‘प्रबलन’ या कल्पनेवरून या रीतीस प्रबलन-अध्ययन म्हणतात. फळ शेवटी मिळते. परंतु त्या फळाचे श्रेय किंवा अपश्रेय मधल्या प्रत्येक पावलास किती द्यावयाचे, हे यंत्र अनुभवाने ठरवू लागते. अमुक अवस्थेतील आखणी कितपत आशादायक आहे याचा अंदाज ते बांधते आणि त्या अंदाजाप्रमाणे पुढील दुरुस्ती निवडते. बॅकगॅमन खेळणाऱ्या प्रसिद्ध संगणक-कार्यक्रमाची रीतही हीच होती.

या प्रयोगाचे फळ दुहेरी होते. शिकलेल्या यंत्राने आधीच्या दुरुस्ती-पद्धतीपेक्षा आटोपशीर आखण्या दिल्या, हे एक. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, हे की, त्याने जे कमावले ते एका प्रश्नाचे उत्तर नव्हते; दुरुस्ती कशी करावी याची जाण होती, आणि ती पूर्वी न पाहिलेल्या आखण्यांनाही लावता आली. श्रम शिकविताना होतात. वापरताना उत्तर थोड्या वेळात मिळते. फेरआखणीस हवे असते ते नेमके हेच.

‘दुरुस्ती’ हा शब्द भाषेच्या अभ्यासकास ओळखीचा वाटेल. संभाषणाच्या अभ्यासात शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी १९७७ मध्ये याच नावाने एका घटनेचे विवेचन केले आहे. बोलता बोलता माणूस अडखळतो, चुकीचा शब्द तोंडातून जातो. परंतु तो सारे बोलणे पुन्हा आरंभापासून सुरू करीत नाही. जेथे बिघडले तेथेच थोडक्यात सावरतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्यासही ते चालते, कारण त्याने तोवर जे समजून घेतले ते वाया जात नाही. हे साम्य ताणू नये; परंतु कारखान्यातील फेरआखणीचा एक मोठा पेच यावरून चांगला समजतो. दर बिघाडास संपूर्ण नवी आखणी काढणे संगणकास सोपे असते. परंतु एव्हाना जुन्या आखणीच्या विश्वासावर कोणी हत्यारे लावून ठेवलेली असतात, कोणी माल यंत्रापाशी आणून टाकलेला असतो, कोणी दुसऱ्या पाळीसाठी थांबण्याचे कबूल केलेले असते. आखणी दर तासाला बदलू लागली तर लोक तिच्याकडे पाहणेच सोडतात. या दोषास इंग्रजीत १९७० च्या दशकापासून ‘नर्व्हसनेस’ असे माणसाला लागू पडणारे नाव आहे, आणि ते यथार्थ आहे. घाबरट वरिष्ठाच्या हाताखाली जसे काम होते तसेच घाबरट आखणीखाली होते. म्हणून यंत्रास केवळ वेळ वाचविल्याबद्दल शाबासकी देऊन भागत नाही; जुन्या आखणीत जितका फेरफार केला त्याबद्दल दंडही लावावा लागतो. हा दंड किती असावा, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. तो माणसाने ठरवावयाचा असतो, आणि येथेच कामगाराची सोय मोजली जाते की मोजलीच जात नाही, याचा निकाल लागतो.

अलीकडील प्रगतीचा एक धागा तर थेट भाषेच्या अभ्यासातून आलेला आहे. यंत्राकरवी भाषांतर करताना मूळ वाक्यातील कोणत्या शब्दाकडे केव्हा लक्ष द्यावयाचे, हे न्यूरल नेटवर्कास शिकविण्याची रीत बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांनी २०१४ मध्ये मांडली. इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्यामागोमाग येते, मराठीत ते शेवटी येते. म्हणून शब्द एकामागून एक उतरवून भागत नाही, तर मागेपुढे पाहून निवडावे लागतात. याच रीतीचा उपयोग करून २०१५ मध्ये ‘पॉइंटर नेटवर्क’ ही रचना पुढे आली. ती नवे शब्द निर्माण करीत नाही. समोर ठेवलेल्या वस्तूंपैकी ‘आता ही, मग ती’ असे बोट दाखवीत त्यांचा क्रम लावते. गावोगाव फिरून परत येणाऱ्या विक्रेत्याचा सर्वांत जवळचा मार्ग काढण्यास ती प्रथम लावण्यात आली आणि तेथून कामांच्या क्रमाकडे येणे ओघानेच झाले. शब्दांचा क्रम आणि कामांचा क्रम यांत फरक आहेच: वाक्य बिघडले तर अर्थ बिघडतो, आखणी बिघडली तर रात्रपाळी लागते. परंतु पूर्वी काय झाले आणि पुढे काय व्हावयाचे आहे, या दोहोंवर नजर ठेवून पुढचे एक पाऊल निवडण्याची क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे.

याच सुमारास आणखी एक कल्पना उपयोगी पडली. कामे व यंत्रे यांचा संबंध बिंदू आणि रेषा यांच्या जाळ्याच्या रूपाने मांडण्याची पद्धत रॉय आणि सुसमान यांनी १९६४ मध्येच दिली होती. प्रत्येक क्रिया हा एक बिंदू. एकाच कामातील लागोपाठच्या क्रियांना जोडणारी रेषा एकदिश. आणि एकाच यंत्रासाठी झगडणाऱ्या दोन क्रियांमधील रेषा दोन्ही दिशांना मोकळी. आखणी करणे म्हणजे या मोकळ्या रेषांना एकेक दिशा देणे. २०२० मध्ये काँग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाळेच न्यूरल नेटवर्कापुढे ठेवून, पुढची क्रिया कोणती घ्यावी हे त्यास प्रबलनाने शिकविले. लहान प्रश्नांवर शिकलेले यंत्र त्याहून मोठ्या प्रश्नांवरही हाताने लिहिलेल्या नियमांपेक्षा सरस ठरले. तथापि पुरेसा वेळ दिल्यास गणिती शोध-पद्धती अशा यंत्रापेक्षा चांगले उत्तर काढतात, हेही त्याच जातीच्या प्रयोगांतून दिसते. तेव्हा यंत्राध्ययनाने जुने गणित कालबाह्य केले, असा जो डंका कधीकधी पिटला जातो, तो खरा नाही. त्याचा गुण वेगाचा आहे. आणि एकाच जातीचा अडथळा पुन्हापुन्हा येत असेल तेथे अनुभवाचा.

जेथे तसा अनुभवच नसतो, तेथे काय होते? जपानमधील कारिया येथे १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. मोटारीच्या ब्रेकमध्ये बसणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तेथे तयार होई आणि टोयोटा कंपनीस लागणारे असे जवळजवळ सर्व व्हॉल्व्ह तेथूनच जात. टोयोटाच्या पद्धतीनुसार साठा अत्यल्प ठेवलेला, त्यामुळे काही दिवसांत तिचे बहुतेक जुळवणीचे कारखाने थांबले. ज्या यंत्रांची आखणी पुन्हा लावावयाची ती यंत्रेच जळून गेली होती. अशा प्रसंगी दोनशेच्या आसपास कंपन्यांनी, आपापल्याकडील साध्या यंत्रांवर, नकाशे मागवून घेऊन तो व्हॉल्व्ह बनविण्यास प्रारंभ केला. त्यांत शिवणयंत्रे बनविणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती. सुमारे आठवड्याभरात मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. मोबदला किती, हे आधी न ठरविता ही कामे सुरू झाली होती. हीसुद्धा फेरआखणीच. परंतु जुन्या नोंदींवरून शिकलेल्या कोणत्याही यंत्रास शिवणयंत्राच्या कारखान्याकडे ब्रेकचा सुटा भाग मागण्याची बुद्धी झाली नसती, कारण तो मार्ग त्याच्या जाळ्यात रेषेच्या रूपानेही नव्हता. शिकलेले यंत्र आपल्या अनुभवाच्या सीमेवर येऊन पोहोचले, तरी तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देत राहते. ही सीमा ओळखून ‘येथे माणसास विचारा’ असे म्हणावयास त्यास शिकविणे, हे आज संशोधकांपुढील खरे अवघड काम आहे.

नित्याच्या अडथळ्यांबाबत मात्र अडचण निराळी आहे. बहुतेक कारखान्यांना हजारो बिघाडांची वाट पाहून शिकणे परवडत नाही. म्हणून यंत्रास कारखान्याच्या संगणकीय प्रतिकृतीवर शिकवितात. ती प्रतिकृती खरी असावयाची, तर कोणते यंत्र किती वेळा आणि कशामुळे बंद पडते, दुरुस्तीस किती वेळ लागतो, याच्या विश्वासार्ह नोंदी लागतात. आणि नोंदी म्हणजे शेवटी कोणीतरी लिहिलेली भाषा. दुरुस्तीच्या रजिस्टरात एक जण ‘बेल्ट तुटला’ लिहितो, दुसरा ‘पट्टा गेला’, तिसरा नुसतेच ‘ब्रेकडाउन’, आणि चौथा घाईत ‘इतर’ या रकान्यात खूण करून मोकळा होतो. ‘लाईट गेली’ आणि ‘पॉवर ट्रिप’ या दोन नोंदी एकाच घटनेच्या की दोन वेगळ्या, हे त्या विभागात काम केलेल्या माणसासच सांगता येते. इंग्रजीत लिहिणाऱ्या देशांतही ही अडचण आहे. अमेरिकेतील मानक व तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी अशा त्रोटक, चुकांनी भरलेल्या, संक्षेपांनी गजबजलेल्या नोंदींच्या अभ्यासास ‘तांत्रिक भाषेचे संस्करण’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले आहे. सामान्य लेखनावर शिकविलेले भाषायंत्र अशा नोंदींवर अडखळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी वर्कशॉपची भाषा तर मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेली. तीत ‘सेटिंग’ हा शब्द यंत्र जुळविण्याच्या क्रियेस लावतात आणि त्या क्रियेस लागणाऱ्या वेळासही. फेरआखणीत हा वेळ मोजावयाचा असतो. पहिला अर्थ घेतला तर एक घटना मिळते, दुसरा घेतला तर एक संख्या.

याहून मोलाची नोंद बहुधा कोठेच होत नाही. संगणकाने सुचविलेली आखणी फोरमन बाजूला ठेवतो आणि आपल्या मनाने दुसरे काम आधी चढवितो, तेव्हा त्याने तसे का केले हे विचारले जात नाही. झालाच तर त्याबद्दल जाब मागितला जातो. वास्तविक वरील उदाहरणातील ‘चार तास म्हणजे सहा’ हे ज्ञान त्याच क्षणी व्यक्त झालेले असते. त्याचे कारण त्याच्याच शब्दांत टिपून ठेवण्याची सोय केली, आणि त्या कारणाबद्दल त्यास शिक्षा होणार नाही अशी खात्री दिली, तर यंत्रास शिकण्याजोगे पुष्कळ मिळेल. अर्थात, ते ज्ञान एकदा यंत्रात उतरल्यावर फोरमनची किंमत कारखान्याच्या लेखी किती उरेल, असा प्रश्न त्याच्या मनात आल्याखेरीज राहणार नाही. त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो ‘इतर’ याच रकान्यात खूण करीत राहिला, तर त्यास दोष देता येणार नाही.